नागप्पा पांचाळ यांची उघड्यावरची मोटार

नागप्पा शरणप्पा पांचाळ. जन्म ११ मार्च १९४६, उमरगा. मृत्यू ९ फेब्रुवारी २०२४, उमरगा. शिक्षण इयत्ता सातवी. व्यवसाय, ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधणे. माझ्या माहितीप्रमाणे १९५१ सालची, दोन आसनांची, विलायती बनावटीची स्पोर्ट्स कार बाळगणारे ते या तालुक्यातले एकमेव गृहस्थ होते; आणि ती त्यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ गॅरेजशिवाय, उघड्यावर ठेवली.

परिस्थितीमुळे गाडी बाहेर राहिली, असा अनेकांचा समज होता. तो चुकीचा आहे. हमरस्त्याला लागून असलेल्या त्यांच्या कारखान्यावर साठ फूट लांबीचे पत्र्याचे छप्पर होते आणि त्याखाली अशा चार मोटारी सहज मावल्या असत्या. परंतु छपराखाली गिऱ्हाइकाचे वाहन उभे राहील, स्वतःचे नाही, असा त्यांचा नियम होता. त्यांची स्वतःची सायकलही बाहेरच असे. माझे घर कारखान्याच्या समोर आहे. एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो, आणि पुढे लिहिलेल्यापैकी बहुतेक गोष्टी मी माझ्या ओसरीवरून प्रत्यक्ष पाहिलेल्या आहेत.

गाडी उमरग्यात आली ती १९८३ च्या फेब्रुवारीत, आणि आली ती भंगार म्हणून. हैदराबादहून सोलापूरकडे निघालेल्या एका ट्रकचा फाळका, म्हणजे मागची उघडणारी फळी, येथे तुटली. फाळका बसवताना नागप्पांनी आतला माल पाहिला. चाके बसलेली, पत्रा जागोजागी फाटलेला, अशी एक ठेंगणी हिरवी एमजी गाडी आत पडली होती. फाटलेल्या पत्र्यातून दाराचा खांब दिसत होता, आणि तो लाकडाचा होता. या गाडीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो, हे मलाही त्याच दिवशी कळले.

नागप्पांनी त्या खांबावर बोटाची पेरे वाजवली, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि ड्रायव्हरला विचारले, "हे कुठं न्यायलाव?"

"मोडीत. किलोवर."

"किलोवर?" नागप्पा म्हणाले. "असला सांधा म्या अजून एकदा बी घातला न्हाय, आन् तुमी ह्यो काट्यावर घालणार?"

दुपारी पोस्टातून भंगारवाल्याला फोन झाला, सौदा ठरला आणि गाडी येथेच उतरली. तीन आठवड्यांनी नोंदणीची कागदपत्रे टपालाने आली. ती अस्सल व पूर्ण आहेत याची खात्री मी स्वतः करून दिली.

सांगाड्यात लहानमोठे एक्केचाळीस लाकडी भाग होते. त्यांपैकी तीस भाग नागप्पांनी जसेच्या तसे वाचवले. अकरा सडलेले होते, ते जुन्या सागवानातून नव्याने घडवले. कारखान्याचे काम सांभाळून याला चौदा महिने लागले. इंजिनासाठी ते सोलापूरला एका वृद्ध मिस्त्रीकडे अकरा फेऱ्या करून आले. १९८४ च्या एप्रिलमध्ये गाडी रस्त्यावर धावली, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत नागप्पांच्या हातून मोठी चूक झाली.

ही चूक ट्रकच्या माणसाकडूनच व्हावी अशी होती. पाऊस तोंडावर आल्यावर त्यांनी गाडीवर ताडपत्री घातली, आणि ट्रकमधला माल बांधतात तशी ती बांधली. बारा आकड्यांतून दोर ओढून गाठी अशा आवळल्या की करंगळी आत जाऊ नये. त्यांच्या लेखी पाणी आत न शिरणे हेच झाकण्याचे काम होते. अडीच महिन्यांनी ताडपत्री काढली तेव्हा रंगाला फोड आले होते, आसनांवर बुरशीची पांढरी साय होती आणि डाव्या दाराखालच्या उंबऱ्याच्या लाकडात वाळवीने घर केले होते. बाहेरून एक थेंब आत गेला नव्हता. आतली वाफ मात्र बाहेर पडू शकली नव्हती.

शेजारचे टायरवाले बंडप्पा तेव्हा म्हणाले, "नागप्पा, गाडी झाकलीस का उकडलीस?"

नागप्पा माझ्या ओसरीवर आले आणि वाफेचे पाणी कसे होते ते त्यांनी मला दोन तास विचारले. वर्गातल्या कोणत्याही विद्यार्थ्याने ते इतक्या निकडीने विचारले नव्हते.

त्यानंतर त्यांनी जी व्यवस्था लावली ती अखेरपर्यंत बदलली नाही. कारखान्याच्या पूर्वेकडील भिंतीलगत त्यांनी जागा निवडली. तेथे सकाळचे ऊन दव वाळवी, दुपारनंतर भिंतीची सावली पडे, आणि पावसाळी वाऱ्याला भिंत पाठ देई. झाडाखालची जागा त्यांनी नाकारली, कारण चीक आणि पाखरे रंगाला लागतात. काळी माती गुडघाभर खोदून तेथे खडी व चुना भरला. चारही चाकांखाली शहाबादी फरशीचे चौरस ठेवले. वाळवीची वाट तोडण्यासाठी सभोवार जळक्या तेलाची रेघ असे. ती दर पंधरा दिवसांनी नवी होई. दर शनिवारी सकाळी सात वाजता आच्छादन निघे, इंजिन पंधरा मिनिटे चाले, गाडी जवळच्या येणेगूर गावापर्यंत जाऊन येई, आणि परत उभी करताना चाकांची खालची बाजू बदलली जाई, म्हणजे टायर एकाच ठिकाणी बसत नसे. त्या शनिवारांवरून मी माझे घड्याळ लावत असे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

आच्छादन हा त्यांच्या पत्नी गजराबाई यांचा भाग. बैलगाडीच्या छपराला असतात तशा बांबूच्या कमानी नागप्पांनी गाडीवर उभ्या केल्या, म्हणजे कापड पत्र्यापासून वीतभर दूर राहील आणि खालून वारा खेळेल. कापड जाड मांजरपाटाचे, वरच्या थराला मेण चोळलेले. गजराबाईंनी ते शिवले आणि कडेने चार बोटे लाल पट्टी लावून वर कवड्या टाचल्या. बैलाच्या पाठीवरची झूल जशी असते, अगदी तशी.

"हे काय केलंस?" नागप्पा म्हणाले. "कवड्या कशाला?"

"उघड्यावर उभं राहणाऱ्याला निदान नेसवावं तरी नीट," गजराबाई म्हणाल्या.

बंडप्पांनी आपल्या दुकानातून आवाज दिला, "वैनी, नागप्पाच्या धोतराला बी लावा की दोन कवड्या!"

"त्येनी असं एका जागी उभं ऱ्हात असते तर लावल्या असत्या," गजराबाईंनी लगेच सुनावले.

झूल आली, आणि तिच्या मागोमाग सणही आला. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या आमच्या या भागात बैलांचा सण ज्येष्ठी पौर्णिमेला, म्हणजे कारहुणवीला असतो. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तेल-हळदीने चोळतात. सणाच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत व पाठीवर ओझे टाकत नाहीत. फक्त सजवून मिरवतात. नागप्पांचे वडील गावचे सुतार होते, औते व जुवे घडवणारे. १९८५ पासून नागप्पांनी गाडीच्या लाकडाला वर्षाचे तेल देण्यासाठी हाच मुहूर्त धरला. आदल्या संध्याकाळी आतले अस्तर उघडून एक्केचाळीस भागांना जवसाचे तेल पाजले जाई. दुसरा दिवसभर गाडी उघडी, हळदीचे बोट लावून उभी असे. आणि त्या दिवशी तिचे इंजिन सुरू होत नसे. पावसाळ्याच्या तोंडावर लाकडाने तेल पिऊन घ्यावे, हे शास्त्राच्या दृष्टीनेही योग्यच होते. परंतु नागप्पांना माझ्या शास्त्राची गरज नव्हती. "वर्षभर वढती. एक दिवस तिचा," एवढेच ते म्हणत.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. त्यांचा मुलगा शिवानंद पुण्यात एका कंपनीत नोकरीस आहे. तो सद्गुणी आहे, आणि वडील थकत चालले हे त्याला दिसत होते. २०२२ च्या मे महिन्यात तो हैदराबादच्या एका हॉटेलमालकाचा प्रस्ताव घेऊन आला. हॉटेलच्या दिवाणखान्यात काचेची खोली करून गाडी तिथे कायमची ठेवायची, असा तो प्रस्ताव होता.

"अप्पा, एसी असणार. धूळ न्हाय, ऊन न्हाय, वाळवी न्हाय," शिवानंद म्हणाला. "लोक येऊन बघतेल."

"काचंत?" नागप्पा म्हणाले. "मासा हाय का ती?"

"अप्पा, तुमी शहात्तरचे झालाव. पुढं कोण करणार हे?"

"ते पुढचं. आज चालती का न्हाय ते बोल."

"चालती, पर नोंदणीची मुदत जूनच्या वीस तारखेला संपायली. आरटीओचे साहेब तपासणार. लाकडाची गाडी, चाळीस वर्षं उघड्यावर हाय म्हणल्यावर पास करतेल का?"

हातातला रंधा खाली ठेवून नागप्पा म्हणाले, "नापास झाली तर घेऊन जा. मग काचंत ठेव न्हाय तर पेटीत. सर, तुमी साक्षीला."

मी साक्षीला राहिलो. शब्द दिल्यावर तो माणूस फिरणार नव्हता, म्हणून माझ्या मनाला घोर लागला. जी गाडी रस्त्यावर धावणार नाही ती त्यांच्या लेखी गाडीच राहिली नसती.

अर्ज शिवानंदने पुण्याहून संगणकावर भरला व उमरग्यातील आरटीओ कॅम्पची तारीख घेतली, १४ जून, मंगळवार. पुण्याकडे पोळा भर पावसाळ्यात येतो. तेथे राहून कारहुणवी त्याच्या ध्यानातून गेली होती. १४ जूनला ज्येष्ठी पौर्णिमा होती. हे माझ्या दिनदर्शिकेवर मी पाहिले आणि तत्काळ समोर गेलो. पुढचा कॅम्प जुलैत होता, म्हणजे मुदत संपल्यानंतर.

१३ तारखेच्या संध्याकाळी कारखान्यासमोर माझ्याखेरीज चौघेजण बसले होते, नागप्पा, गजराबाई, आदल्या रात्रीच्या बसने आलेला शिवानंद आणि बंडप्पा. तेल पाजून झाले होते. अपराध्यासारखा शिवानंद एकाच बोल्टला फडके मारीत होता.

"उद्या इंजिन लागणार न्हाय," नागप्पा म्हणाले.

"अप्पा, मग नापासच की. तुमी शब्द दिलाव."

"दिलाय. शब्द बी मोडणार न्हाय, सण बी मोडणार न्हाय."

"म्हंजे गाडीच जाणार," बंडप्पा म्हणाले. "भले!"

तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या वडाच्या पूजेसाठी सूत गुंडाळत बसलेल्या गजराबाई मान वर न करता बोलल्या. "बैल उद्या गोठ्यातच ऱ्हातेत का? वेशीपतुर मिरवत जातेतच न्हवं? सोताच्याच पायानं जातेत. जू नगं आन् वझं नगं, एवढंच हाय. चालू नगं आसं कोन म्हनलंय?"

बंडप्पा म्हणाले, "पर वैनी, चालवणारा आत बसणार. त्यो बी वझंच की."

"कासरा धराया मानूस लागतोच. मागं वऱ्हाड बसवू नगा."

नागप्पा उठले. त्यांनी कंदिलासारखा हातदिवा धरून गाडीभोवती एक फेरी मारली आणि जे जे ओझे या सदरात येते ते उतरवायला सुरुवात केली. हत्यारांची पेटी, पाण्याचा डबा, आसनामागची गोणपाटे, आणि शेवटी मागे टांगलेले जादा चाकही उतरले. सदतीस वर्षांचा नियम त्यांनी मोडला नाही. त्याचा मूळ अर्थ त्यांनी पत्नीकडून ऐकून घेतला आणि मान्य केला, असे मी म्हणेन.

सकाळी दहा वाजता विश्रामगृहामागच्या मैदानावर गाडी आली. अंगावर हळदीची बोटे, चालकाच्या जागी नागप्पा, शेजारची जागा रिकामी. शिवानंद, गजराबाई आणि मी पायी गेलो. निरीक्षक रणधीर जगदाळे हे तिशीतले, परंड्याकडच्या शेतकरी घरातले गृहस्थ होते. त्यांनी गाडीभोवती फिरून पाहिले आणि विचारले, "स्टेपनी कुठाय, काका?"

नागप्पा उत्तर देण्याआधीच मागून बंडप्पांची स्कूटर आली. जादा चाक त्यांच्या पायांत आडवे होते. "ही घ्या स्टेपनी! आज गाडीला सुट्टी हाय, म्हणून वझं म्या व्हायलोय!"

जगदाळ्यांना काही उलगडेना. "ब्रेक बघायचे आहेत. मी शेजारी बसतो, एक फेरी मारा."

"साहेब, आज दुसरा माणूस बसत न्हाय," नागप्पा म्हणाले, आणि त्यांनी कारहुणवी समजावून सांगितली. वाक्ये मोजून दोनच बोलले.

शिवानंदने डोळे मिटून घेतले. "आमच्या परंड्याकडं पोळ्याला माझे आजोबा सायकलवरसुद्धा कुणाला डबलसीट घ्यायचे नाहीत," जगदाळे म्हणाले. मग त्यांनी चुन्याची फक्की मागवून मैदानाच्या टोकाला स्वतः एक रेघ ओढली व तिच्याजवळ उभे राहिले. "तिकडून या. मी हात वर केला की थांबायचं."

गाडी आली. हात वर झाला. गाडी सरळ रेषेत, एकही चाक न घसरता, रेघेच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबली.

यापुढची परीक्षा लाकडाची होती. जगदाळ्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दाराचे खांब, उंबरे, मागची चौकट एकेक करून टोचली. टोक कुठेच रुतले नाही. बोटाला तेल लागले ते त्यांनी हुंगले.

"गॅरेज कुठंय तुमचं?"

"न्हाय. भायेरच असती."

"कधीपासून?"

"एकोणचाळीस उन्हाळे झाले."

"आणि हे लाकूड सगळं मूळचंच?"

शिवानंदने वडिलांच्या कोपराला हलकेच स्पर्श केला. मूळ बांधणीत बदल केल्याचे ठरले तर प्रकरण अडेल, असे त्याने कुठेतरी वाचले होते. नागप्पांनी कोपर काढून घेतले.

"न्हाय साहेब. तीस मूळचे. अकरा माझे. कोणते ते दावतो." आणि त्यांनी एकेका भागावर बोट ठेवून अकराही दाखवले. दोन तर असे होते की त्यांनी सांगितले नसते तर ते कोणालाही ओळखू आले नसते.

जगदाळ्यांनी खाली वाकून त्या दोन्हींचे सांधे मूळच्या सांध्यांशी ताडून पाहिले. नंतर त्यांनी कागदावर लिहिले, आणि लिहिलेले आम्हाला वाचून दाखवले: "मूळ मापानुसार दुरुस्ती. बांधणीत बदल नाही. वाहन योग्य." कागद देताना ते म्हणाले, "काका, हे सगळं कुणीतरी लिहून ठेवा. आमच्याकडं गॅरेजमध्ये ठेवलेल्या गाड्या येतात, त्यांचं लाकूड हातात येतं. मला एक प्रत पाठवा."

"लिवायचं काम सरांचं," नागप्पा म्हणाले.

परतीच्या वाटेवर बैल सजून वेशीकडे निघाले होते. शिंगांना बेगड, पाठीवर झुली. रस्ता अरुंद असल्याने नागप्पांना त्यांच्या मागोमाग, बैलांच्याच चालीने गाडी आणावी लागली. शहात्तर वर्षांचा तो माणूस पाठ ताठ ठेवून, दोन्ही हात सुकाणूवर धरून बसला होता. ओळखीच्या शेतकऱ्यांनी हटकले तरी त्यांनी मान वळवली नाही. बाजूच्या दुकानांतून लोक बाहेर आले. एका म्हाताऱ्याने बैलांबरोबर गाडीवरही भंडारा टाकला. तेव्हा मात्र नागप्पांनी एक हात सोडून त्याला नमस्कार केला. शिवानंद माझ्या बरोबरीने चालत होता. त्याने चालता चालताच हैदराबादला फोन लावला आणि म्हणाला, "नाही, गाडी देता येणार नाही. ती चालू आहे."

नागप्पांना त्यानंतर वीस महिने मिळाले. शेवटच्या शनिवारी, मृत्यूच्या सहा दिवस आधी, त्यांनी गाडी येणेगूरपर्यंत नेऊन आणली.

झालेली निरवानिरव अशी. नोंदणी गजराबाईंच्या नावे झाली असून तिची मुदत जून २०२७ पर्यंत आहे. गाडी त्याच भिंतीलगत, त्याच चार फरशांवर, उघड्यावर उभी आहे. कारखाना एका ट्रकमालकाने भाड्याने घेतला आहे; पूर्वेकडील भिंतीलगतच्या जागेवर त्याने काही रचू नये, असे कलम करारात गजराबाईंच्या सांगण्यावरून मी घातले आहे. शनिवारची फेरी बंडप्पा करतात, आणि ज्येष्ठी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शिवानंद पुण्याहून येतो.

राहिलेले असे. जगदाळ्यांनी मागितलेली टिपणे मी नागप्पांच्या तोंडून उतरवून घेतली, बत्तीस पाने. प्रत्येक भाग मी त्यांना वाचून दाखवीत असे आणि ते चुका सांगत. पहिल्या चार भागांत त्यांनी सत्तावीस चुका काढल्या. पाचवा भाग पावसाळ्याचा. तो वाचून दाखवण्यासाठी मी ठरवलेला दिवस १० फेब्रुवारी होता; ते ९ तारखेला गेले. जगदाळ्यांकडे प्रत रवाना केली आहे व तिची पोच आली आहे. पाचव्या भागाच्या आरंभी मी एवढे लिहिले आहे की, हा भाग नागप्पा पांचाळ यांनी तपासलेला नाही, तेव्हा यात किती चुका आहेत ते मला माहीत नाही.